थ्रो-इन अडवा, पण रेषेच्या आत राहून

मी जिल्ह्यातल्या शालेय आणि क्लबच्या बास्केटबॉल सामन्यांत पंचगिरी करते. शूटिंगचा सराव तासन्‌तास चालतो, पण समोरच्याचा थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू खेळात टाकणं) कसा अडवायचा हे मुलांना फारसं कोणी शिकवत नाही. चुरशीचा सामना मात्र पुष्कळदा तिथेच हातचा जातो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे, फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांप्रमाणे.

बाउंड्री लाइनवर काचेची भिंत उभी आहे असं समजा. चेंडू ती ओलांडून मैदानात येईपर्यंत तुमचा हात, कोपर, गुडघा, काहीच पलीकडे जाता कामा नये. ‘सर, पाय तर आतच होते’ हे उत्तर रोज ऐकू येतं. पाय आत असून भागत नाही.

रेषेला चिकटून उभे राहू नका. हात हलवताना खांदे आपोआप पुढे झुकतात, म्हणून हातभर मागे थांबा. उडी मारायची तर सरळ वर. चेंडू ज्या बाजूला फिरेल तिकडे हात न्या आणि थ्रो-इन करणाऱ्याला मिळणारी पाच सेकंदं खाऊन टाका. पंचाने दाखवलेल्या जागेपासून त्याला आडवं सरकायला एकूण एकच मीटर मिळतो. मागे मात्र जागा असेल तितकं जाता येतं. बास्केट झाल्यानंतरचा बेसलाइनवरचा (बास्केटमागच्या रेषेवरचा) थ्रो-इन वेगळा: तिथे तो रेषेमागे हवा तसा पळू शकतो, मागेच उभ्या असलेल्या साथीदाराला पासही देऊ शकतो. तुम्ही आतून त्याच्याबरोबर पळा.

सगळ्यात फसवा प्रसंग म्हणजे तो चेंडूसकट हात आत काढतो तेव्हा. चेंडू नाकासमोर येतो, हात शिवशिवतात. तरी शिवू नका. चेंडू त्याच्या हातात आहे तोवर त्याला हात लावला तर तो थ्रो-इनमधला अडथळाच धरला जातो. अमेरिकेतल्या शालेय नियमांत असा चेंडू पकडायची मुभा आहे. तिकडचे व्हिडिओ पाहिलेली मुलं त्यावरून वाद घालतात, पण आपल्या सामन्यांत ते लागू नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच शाळांच्या मैदानांवर रेषेमागे लगेच कंपाउंडची भिंत किंवा जाळी असते. ती दोन मीटरच्या आत असेल, तर थ्रो-इन करणाऱ्यापासून किमान एक मीटर दूर राहायचं. पंचाने मागे ढकलायची वाट पाहू नका.

रेषा ओलांडलीत तर एरवी शिट्टी वाजते, थ्रो-इन पुन्हा दिला जातो आणि ताकीद मिळते. ती ताकीद एकट्याला नसते, उरलेल्या सामन्यासाठी अख्ख्या संघाला असते. तुमच्या साथीदाराने पुन्हा तेच केलं तर टेक्निकल फाउल (धक्का न लागताही नियम मोडल्याबद्दलचा फाउल) होऊ शकतो.

चौथ्या क्वार्टरच्या आणि ओव्हरटाइमच्या शेवटच्या दोन मिनिटांत ही सवलतही उरत नाही. चेंडू देण्यापूर्वी पंच रेषेला समांतर हात फिरवून दाखवतो. तीच ताकीद. त्यानंतर रेषा ओलांडली की सरळ टेक्निकल: त्यांना एक फ्री थ्रो (कोणी न अडवता बास्केटमध्ये मारायची संधी) आणि वर तोच थ्रो-इन परत. एका गुणाने मागे असलेल्या संघाला हे कसं परवडणार? नव्या पंचांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे, ती खूण विसरू नका. खूणच दाखवली नसेल, तर पहिल्या वेळी ताकीदच द्यावी लागते.

याच दोन मिनिटांत आणखी एक सापळा आहे. चेंडू पंचाच्या किंवा थ्रो-इन करणाऱ्याच्या हातात असतानाच मैदानातल्या माणसाला धरलंत, तर तो ‘थ्रो-इन फाउल’. 2022 च्या नियमांपासून त्याला एक फ्री थ्रो आणि पुन्हा चेंडू, तुमच्या संघाचे फाउल कितीही असोत. मागे पडलेल्या संघाने एक सेकंदही न घालवता फाउल करून बसू नये, म्हणून हा नियम हवाच. फाउल करायचाच असेल तर चेंडू सुटू द्या, मग चेंडूवर जा.

आणि थ्रो-इन करणाऱ्याकडे पाठ करू नका. तो चेंडू तुमच्या पाठीवर हलकेच आपटून, आत येऊन स्वतःच घेऊ शकतो. ते नियमात बसतं.