पदोन्नतीत डावललं गेलंय? मॅटची पायरी चढण्याआधी या चुका टाळा

पदोन्नतीचा आदेश निघतो, ज्येष्ठता यादीत आपल्या खाली असलेला माणूस वर गेलेला दिसतो आणि रागाच्या भरात मॅटकडे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, अर्ज लिहिला जातो: ‘मी त्यांच्यापेक्षा कार्यक्षम असूनही...’ प्रकरण तिथंच लंगडं पडतं. कोण जास्त लायक, हे ठरवणं विभागीय पदोन्नती समितीचं काम. निवड समितीच्या निर्णयावर न्यायालय अपिलात बसल्यासारखं बसणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं दलपत आबासाहेब सोळुंके प्रकरणात सांगितलं, तेही १९९० च्या आसपास. तपासलं जातं ते वेगळंच: सेवाप्रवेश नियम पाळले का, समितीची रचना बरोबर होती का, तुमचा विचार झाला का, कुणाचा आकस होता का. हक्क असतो तो विचार होण्याचा, पदोन्नतीचा नव्हे. म्हणून अर्जात गुणगान कमी आणि मोडलेल्या नियमाचा क्रमांक ठळक हवा.

सगळ्यात महाग पडते ती निवेदनांची माळ. आधी कार्यालयप्रमुख, मग आयुक्त, मग मंत्रालय, मग ‘स्मरणपत्र क्र. ४’. प्रत्येकावर आवक शिक्का घेऊन पोच नीट फाइलला लावलेली असते आणि माणूस निर्धास्त असतो. इकडे मुदत चालूच असते. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २१ प्रमाणे अंतिम आदेशापासून एक वर्ष मिळतं. सेवा नियमांत सोय असलेलं अपील किंवा निवेदन केलं आणि सहा महिने उत्तर आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. पुन्हा पुन्हा निवेदनं देऊन ही मुदत लांबत नाही, असं सात न्यायमूर्तींच्या पीठानं एस. एस. राठोर प्रकरणात १९८९ मध्ये ठरवलं. कित्येक वर्षांनी खात्यानं ‘आपली विनंती मान्य करता येत नाही’ असं एका ओळीचं पत्र धाडलं, तरी मेलेला दावा उठून बसत नाही (सी. जेकब, २००८). विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तोवर इतरांची ज्येष्ठता पक्की झालेली असते आणि ती विस्कटायला कुणीच राजी नसतं.

दरवाजाही चुकतो. मॅट राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांची वाट सहसा उच्च न्यायालयात जाते. खासगी शाळेत संस्थेनं डावललं, तर शाळा न्यायाधिकरण, आणि तिथं मुदत फक्त ३० दिवस!

ज्यांना पदोन्नती मिळाली त्यांना प्रतिवादी केलेलं नसतं, हीही नेहमीची गफलत. ‘सहकाऱ्याशी वाकडं कशाला’ ही भावना समजते, पण ज्याची खुर्ची जाणार त्याचं ऐकल्याशिवाय आदेश होणार कसा?

सीआरकडे, म्हणजे कामाच्या वार्षिक गोपनीय अहवालाकडे, तर निवृत्तीपर्यंत कुणी वळून बघत नाही. देव दत्त (२००८) आणि सुखदेव सिंग (२०१३) या निकालांनंतर प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे, ‘चांगला’ हासुद्धा. न कळवलेल्या शेऱ्यावर नाकारलं असेल, तर तोच तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. स्वतःचे अहवाल माहिती अधिकारात मागा. इतरांचे तिथं सहसा मिळत नाहीत, ते न्यायाधिकरणासमोर मागवून घ्यावे लागतात.

पदोन्नती मोहोरबंद पाकिटात अडकली असेल, म्हणजे चौकशीमुळे समितीचा निर्णय पाकिटात बंद करून ठेवला असेल, तर आधी दोन तारखा शेजारी मांडा: समितीच्या बैठकीची आणि दोषारोपपत्राची. नुसती प्राथमिक चौकशी चालू आहे म्हणून पाकीट बंद करता येत नाही, हे जानकीरामन निकालानं १९९१ मध्येच स्पष्ट केलं.

शेवटी मागणी. ‘मला पदोन्नती द्या’ एवढंच लिहिलं, तर बहुधा तेवढं मिळत नाही. समितीची आढावा बैठक घेऊन त्या तारखेच्या स्थितीप्रमाणे फेरविचार व्हावा आणि पात्र ठरल्यास मानीव दिनांक (पदोन्नती ज्या तारखेपासून मिळाली असं धरलं जातं ती तारीख), वेतननिश्चिती व थकबाकी मिळावी, अशी क्रमानं मागणी करा. थकबाकी मूळ अर्जातच मागा. मागाहून ती मागायला गेलं की खातं पहिला आक्षेप त्याच्यावरच घेतं.