अष्टांग विन्यास योगातील गणती: ‘एकम्’पासून ‘समस्थिती’पर्यंत

मराठीत ‘अष्टांग योग’ म्हटले की यम-नियमांपासून समाधीपर्यंतची पतंजलींची आठ अंगे आठवतात. या लेखाचा विषय मात्र त्याच नावाने ओळखली जाणारी, म्हैसूरला घडलेली आसनपद्धती हा आहे. म्हैसूरच्या राजवाड्यातील योगशाळेत तिरुमलै कृष्णमाचार्य जे शिकवत असत, ते त्यांचे शिष्य के. पट्टाभि जोइस (१९१५–२००९) यांनी पुढे चालवले, १९४८ साली त्यासाठी म्हैसूरला स्वतंत्र संस्था काढली, आणि त्यांच्यानंतर त्यांचे नातू शरत जोइस यांनी २०२४ साली निधन होईपर्यंत ते काम सांभाळले. कृष्णमाचार्यांचे दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार पुण्यात स्थायिक झाल्यामुळे महाराष्ट्राला त्यांची, आसनात दीर्घकाळ थांबण्याची पद्धत अधिक परिचित आहे. अष्टांग विन्यासात आसनात थांबण्याइतकेच महत्त्व आसनात शिरण्याला आणि त्यातून बाहेर येण्याला असते, आणि त्यातल्या प्रत्येक हालचालीला एक आकडा आणि एक श्वास ठरवून दिलेला असतो. त्या आकड्यांनाच गणती म्हणतात.

नव्याने शिकणाऱ्याची सर्वांत मोठी गफलत अशी होते की त्याला ही गणती श्वासांची किंवा सेकंदांची वाटते. आकडा असतो तो विन्यासाचा, म्हणजे श्वासाला जोडलेल्या हालचालीचा. ‘षट्’ म्हणजे सहावा श्वास नव्हे. ‘षट्’ म्हणजे ज्या रेचकाबरोबर, म्हणजे श्वास सोडताना, शरीर अधोमुख श्वानासनात (तळवे आणि पावले जमिनीवर, कंबर वर) जाते ती हालचाल. तिथे पाच श्वास थांबले तरी आकडा ‘षट्’च राहतो आणि शरीर हलेल तेव्हाच ‘सप्त’ येते. हे एकदा नीट समजले की पुढचे बरेचसे आपोआप सुटते, म्हणून चटईवर उभे राहण्यापूर्वी यावर थोडा वेळ घालवावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आधी आकडे तोंडपाठ करावेत. ते संस्कृतात म्हणतात: एकम्, द्वे, त्रीणि, चत्वारि, पंच, षट्, सप्त, अष्टौ, नव, दश. द्वे, त्रीणि, चत्वारि ही नपुंसकलिंगी रूपे आहेत, त्यामुळे शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ती लगेच ओळखू येतील. दहाच्या पुढे तर मराठी माणसाला फारसे पाठ करावेच लागत नाही, कारण एकादशी, द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशी या तिथी आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. त्यांतला शेवटचा ईकार काढला की गणतीतले आकडे मिळतात. पंधरासाठी पंचदश, सोळासाठी षोडशोपचार पूजेतला षोडश, सतरासाठी सप्तदश आणि अठरासाठी अष्टादश पुराणांतला अष्टादश. एकोणिसाला एकोनविंशति, म्हणजे वीसाला एक उणा. आपला ‘एकोणीस’ त्याच शब्दापासून झिजून आला आहे. मग विंशति, एकविंशति, द्वाविंशति. बसून करायच्या बहुतेक आसनांना एवढे पुरतात. सुप्त पादांगुष्ठासनात गणती २८ पर्यंत, म्हणजे अष्टाविंशतीपर्यंत जाते, पण त्याची सुरुवातीला घाई नको. म्हैसूरच्या परंपरेत पौर्णिमेला आणि अमावास्येला आसनांचा सराव करत नाहीत. त्या दिवशी मी नुसती बसून एकेका आसनाची गणती मोठ्याने म्हणते आणि प्रत्येक आकड्याबरोबर ‘पूरक’ (श्वास घेणे) किंवा ‘रेचक’ (श्वास सोडणे) असे उच्चारते. शरीर बाजूला ठेवून केलेल्या या पाठांतराचा मला झालेला उपयोग मोठा आहे.

आता श्वास. तो दोन्ही वेळा नाकानेच घ्यायचा आणि सोडायचा, पूरक आणि रेचक लांबीने सारखे ठेवायचे, आणि घशात हलका, अखंड ध्वनी राहू द्यायचा. शेजारच्या चटईवरच्या माणसाला ऐकू जाईल इतपत तो असावा, खोलीभर घुमेल इतका नसावा. या श्वासाला सर्रास उज्जायी म्हणतात. परंतु हठयोगाच्या ग्रंथांत उज्जायी हा कुंभकासह, म्हणजे श्वास रोखून, करायचा प्राणायाम आहे आणि विन्यासात तर श्वास कुठेही रोखायचा नसतो, त्यामुळे शरत जोइस त्याला केवळ ध्वनियुक्त मोकळा श्वास म्हणत, आणि मलाही तेच वर्णन अचूक वाटते. कोणतीही हालचाल करताना श्वास अडकला, तर ती हालचाल आपल्या आजच्या ताकदीपलीकडची आहे असे समजून तिचे सोपे रूप घ्यावे. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ला घेऊन, जाणत्या शिक्षकासमोरच सुरुवात करावी.

गणती प्रथम सूर्यनमस्काराच्या ‘अ’ प्रकारात बसवावी, कारण त्यात नऊच विन्यास आहेत. समस्थितीत, पाय जुळवून सरळ उभे राहावे. ‘एकम्’ म्हणताना पूरक सुरू होतो, हात बाजूंनी वर जाऊन तळवे जुळतात आणि नजर अंगठ्यांवर स्थिरावते. ‘द्वे’ला रेचक करत पुढे वाकून हात जमिनीला लावावेत. ‘त्रीणि’ला पूरक, हात तिथेच ठेवून पाठ लांब करावी आणि डोके उचलावे. ‘चत्वारि’ला रेचक, दोन्ही पाय एकदम मागे टाकून, कोपरे वाकवून शरीर जमिनीला समांतर ठेवत चतुरंग दंडासनात यावे. ‘पंच’ला पूरक, हात सरळ करून छाती वर उचललेले ऊर्ध्वमुख श्वानासन. ‘षट्’ला रेचक, अधोमुख श्वानासन, आणि इथे पाच श्वास थांबावे. ‘सप्त’ला पूरक करत पाय उडीने हातांजवळ आणून डोके वर उचलावे, ‘अष्टौ’ला रेचक करत पुन्हा खाली वाकावे, ‘नव’ला पूरक करत हातांसह वर यावे. त्यानंतरच्या रेचकाला आकडा नाही. त्या रेचकाबरोबर हात खाली येतात आणि आपण समस्थितीत परततो.

यात विषम आकड्याला पूरक आणि सम आकड्याला रेचक आहे, हे लक्षात आले असेल. ‘ब’ प्रकारात सतरा विन्यास असले तरी तिथेही हाच नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकतो, म्हणून सूर्यनमस्कारांत आपण चुकलो की नाही हे तपासायला याहून सोपी खूण नाही: सम आकड्यावर छाती भरत असेल, तर मागे कुठेतरी एक श्वास जास्त घेतला गेला आहे. शाळेत शिकलेल्या सूर्यनमस्कारांची सवय असलेल्यांचा पाय ‘त्रीणि’ आणि ‘चत्वारि’च्या मध्ये एकटाच मागे जाऊ पाहतो. उडी जमत नसेल तर एकेक पाय मागे नेण्यास काहीच हरकत नाही, मात्र दोन्ही पाय एकाच रेचकात मागे गेले पाहिजेत.

हालचाल आणि श्वास यांची लांबी जुळवणे हे यातले खरे काम आहे आणि त्याला महिने लागतात. श्वास किंचित आधी सुरू व्हावा, मग हालचाल सुरू व्हावी, आणि श्वास संपण्याच्या क्षणभर आधी हालचाल पूर्ण व्हावी. ‘चत्वारि’ला ही जुळणी सर्वांत आधी मोडते. पाय मागे पडतात, कोपरे वाकतात आणि शरीर खाली येऊन टेकते, तेव्हा रेचक जेमतेम निम्मा झालेला असतो; उरलेला श्वास मग घाईने बाहेर टाकला जातो आणि ‘पंच’चा पूरक तोकडा येतो. यावर मला लागू पडलेला उपाय असा: पहिले दोन-तीन सूर्यनमस्कार गुडघे जमिनीला टेकवून, मुद्दाम सावकाश करावेत आणि कोपरे वाकण्याचा शेवट रेचकाच्या शेवटाशी जुळतो का, एवढेच पाहावे. हाताच्या ताकदीचा प्रश्न बाजूला राहिला की कान श्वासाकडे वळतो.

आसनात थांबण्याचे पाच श्वास ही गणतीतली वेगळी, आतली मोजणी आहे. ज्या रेचकाने आपण आसनात शिरलो तो मी मोजत नाही. त्यानंतरच्या पूरकापासून पहिला श्वास धरते, प्रत्येक रेचकाच्या टोकाला मनात आकडा म्हणते आणि पाचव्या रेचकानंतर येणाऱ्या पूरकाबरोबर पुढचा विन्यास घेते. इथे आपण स्वतःची नकळत फसवणूक करतो. एकदा मी फोन चटईशेजारी ठेवून माझा श्वास ध्वनिमुद्रित केला. ऐकताना आढळले की पश्चिमोत्तानासनातले पाच श्वास संथ, सारखे होते, आणि उत्कटासनात मांड्या भरून आल्यावर त्याच पाचांचे जवळजवळ पाच उसासे झाले होते. आकडा बरोबर होता, पण थांबणे निम्मेही झाले नव्हते. तेव्हापासून अवघड आसनात मी पहिला श्वास जाणीवपूर्वक सर्वांत लांब घेते, कारण पुढचे चार त्याच्याच मापाने येतात.

उभ्याने करायच्या सुरुवातीच्या आसनांची गणती छोटी असते. उत्थित त्रिकोणासनात पाचच विन्यास आहेत: ‘एकम्’ला पूरक करत पाय फाकवणे, ‘द्वे’ला रेचक करत उजवीकडे झुकून थांबणे, ‘त्रीणि’ला पूरक करत वर येणे, ‘चत्वारि’ला डावीकडे, ‘पंच’ला वर, मग समस्थिती.

बसून करायच्या आसनांत नवखा गोंधळतो, कारण तिथे शिक्षक एकदम ‘सप्त’ म्हणून सुरुवात करतात. मूळ पद्धतीत प्रत्येक आसन समस्थितीतून सुरू होऊन समस्थितीतच संपत असे. त्यामुळे ‘एकम्’ ते ‘षट्’ हे सूर्यनमस्कारातलेच सहा विन्यास आणि ‘सप्त’ला हातांच्या मधून पाय पुढे आणून बसणे, असा तो क्रम होता. आज बहुतेक ठिकाणी दर वेळी उभे न राहता अधोमुख श्वानासनातूनच पुढच्या आसनात जातात. पहिले सहा आकडे गळाले, पण सातव्याचा आकडा सातच राहिला. शेवटी उभे राहण्याचे विन्यासही असेच गळतात. पट्टाभि जोइसांनी १९६२ साली कन्नडमध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पश्चिमोत्तानासनाचे १६ आणि जानुशीर्षासनाचे २२ विन्यास सांगितले आहेत ते पूर्ण क्रम धरून. आज आपण त्यांतले मधलेच करतो.

जानुशीर्षासनाचा ‘अ’ प्रकार पूर्ण समजून घेतला की बाकीच्या अनेक आसनांचा साचा हाती येतो. ‘सप्त’, पूरक: पुढे येऊन बसणे, उजवा गुडघा दुमडणे, डावे पाऊल धरून डोके वर. ‘अष्टौ’, रेचक: पुढे वाकणे, पाच श्वास. ‘नव’, पूरक: पाऊल न सोडता डोके वर. यानंतर एक रेचक येतो आणि त्याला आकडा नाही. मग ‘दश’, पूरक: हात जमिनीवर रोवून शरीर उचलणे. ‘एकादश’, रेचक: चतुरंग दंडासन. ‘द्वादश’, पूरक: ऊर्ध्वमुख. ‘त्रयोदश’, रेचक: अधोमुख. ‘चतुर्दश’ला पूरक करत डावा गुडघा दुमडून बसणे, ‘पंचदश’ला रेचक करत वाकून थांबणे, ‘षोडश’ला पूरक करत डोके वर, पुन्हा बिनआकड्याचा रेचक, आणि मग ‘सप्तदश’ ते ‘विंशति’ पुन्हा उचलणे, चतुरंग, ऊर्ध्वमुख, अधोमुख.

त्या बिनआकड्याच्या रेचकाने काय होते ते पाहण्यासारखे आहे. ‘नव’ विषम आहे आणि पूरक आहे. मध्ये न मोजलेला रेचक गेल्यामुळे ‘दश’ सम असूनही पूरक होतो आणि तिथपासून सूर्यनमस्कारातला नियम उलटतो. डाव्या बाजूला ‘षोडश’ आणि ‘सप्तदश’ यांच्यामध्ये तसाच दुसरा रेचक येतो आणि नियम पुन्हा मूळ पदावर येतो. ज्यांना हे ठाऊक नसते ते ‘दश’ ऐकताच सवयीने श्वास सोडतात आणि रिकाम्या छातीने शरीर उचलू पाहतात. मग हात दुबळे आहेत असा समज होतो. दोष पुष्कळदा हातांचा नसतो, चुकलेल्या श्वासाचा असतो. मरीच्यासनाच्या ‘क’ आणि ‘ड’ प्रकारांत पीळ घेऊन थांबायचे असते, तिथे पुढे वाकणे आणि डोके उचलणे हे टप्पेच नाहीत, म्हणून गणती २२ ऐवजी १८ होते. नावासनात तर ‘सप्त’लाच आसन पूर्ण होते आणि एकूण १३ विन्यासांत ते आटोपते.

शिक्षकांच्या तोंडून गणती ऐकत सगळ्यांनी एकत्र करायचा वर्ग आणि प्रत्येकाने आपापल्या श्वासावर करायचा म्हैसूर पद्धतीचा वर्ग, हे दोन्ही लागतात. आठवड्यातून एकदा बाहेरून ऐकलेली गणती आपल्या पळवाटा दाखवते, इतर दिवशी तीच गणती आतून चालवायची असते. ध्वनिमुद्रित गणती लावून रोज सराव करू नये असे माझे मत आहे, कारण त्यात दुसऱ्याच्या फुप्फुसांचे माप आपल्यावर येते. एकत्रित वर्गात शिक्षकांची गणती आपल्या श्वासाहून संथ वाटली तर श्वास धरून ठेवू नये. मध्ये एक पूर्ण श्वास जास्तीचा घ्यावा आणि पुढच्या आकड्याला मिळावे.

मध्येच आकडा हरवला, आणि तो सुरुवातीला रोज हरवतो, तर आसनाच्या आरंभी परत जाऊ नये. अधोमुख श्वानासनापर्यंत यावे आणि थांबावे, कारण त्याचा आकडा नेहमी ओळखता येतो: सूर्यनमस्काराच्या ‘अ’ प्रकारात तो ‘षट्’ आहे, जानुशीर्षासनाच्या उजव्या बाजूनंतर ‘त्रयोदश’ आणि डाव्या बाजूनंतर ‘विंशति’. तिथे रेचक पूर्ण होऊ द्यावा, आणि येणाऱ्या पूरकाबरोबर पुढचा आकडा मनात म्हणून पुढे निघावे.