सीमेपलीकडचा कोरा कागद

माझ्या हाती आलेल्या पहिल्या विकास आराखड्याच्या बेस मॅपवर आपल्या बाजूचा प्रत्येक नाला, विहीर, पाणंद, गट नंबर होता. राज्याची हद्द आली की पुढे पांढरा कागद. कृष्णा त्या पांढऱ्यात शिरायची आणि दिसेनाशी व्हायची. पलीकडे कर्नाटक होतं. मी एका सल्लागार संस्थेत नवीन होते आणि हद्दीलगतच्या नदीकाठच्या पट्ट्याचा प्रस्तावित वापर ठरवायचं काम माझ्याकडे होतं. जमीन सपाट, राज्यमार्ग जवळ, वस्ती लांब. मी तिथे औद्योगिक विभागाचा जांभळा रंग भरला.

स्थळपाहणीला गेले तेव्हा हद्दीचा दगड ओलांडून सहज पुढे चालत गेले. दोनेक किलोमीटरवर नदीच्या पात्रात जॅकवेल उभी होती, पंपाचा आवाज येत होता. पलीकडच्या शहराचं पिण्याचं पाणी तिथून उचललं जायचं. माझा जांभळा पट्टा तिच्या वरच्या अंगाला होता. आमच्या कार्यालयात हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण कागदावर तिथे काही नव्हतंच.

राज्यांच्या सीमेवरच्या नियोजनात काम करावंसं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एम.प्लॅन, म्हणजे नियोजनातली पदव्युत्तर पदवी, करणारे विद्यार्थी मला विचारतात की या विषयाचा कायदा कुठला वाचायचा. एक असा कायदा नाही, आणि हे आधीच कळलं तर बरीच वणवण वाचते. ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती (कलम २४३ झेडडी) आणि महानगर नियोजन समिती (२४३ झेडई) दिल्या. महानगर क्षेत्र म्हणजे १० लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्ती, एक किंवा अनेक जिल्हे, अनेक नगरपालिका आणि पंचायती. पण या दोन्ही समित्या राज्याच्या आतल्या. नगररचना हा राज्याचा विषय, त्यामुळे आपल्याकडे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, पलीकडे कर्नाटकाचा १९६१ चा कायदा, गुजरातेत १९७६ चा, गोव्यात १९७४ चा. प्रत्येकाची हद्द राज्याच्या हद्दीला संपते. वरच्या पातळीवर राज्य पुनर्रचना कायद्याने १९५६ मध्ये विभागीय परिषदा केल्या, पण महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आहे आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत. म्हणजे आमच्या दोन गावांना एकत्र बसवणारं टेबल तिथेही नव्हतं.

याला मोठा अपवाद दिल्लीभोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा, आणि अभ्यासाची सुरुवात तिथूनच करा. हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेशाच्या विधानसभांनी ठराव केले, घटनेच्या कलम २५२ खाली संसदेला तो अधिकार मिळाला आणि १९८५ मध्ये नियोजन मंडळाचा कायदा झाला. कलम २५२ नीट वाचा. राज्यांनी स्वतःहून आपल्या अधिकारातला तुकडा काढून दिल्याशिवाय हे घडत नाही. प्रादेशिक आराखडा मंडळ करतं, त्याखालचे उपप्रादेशिक आराखडे ज्याचं त्याने करायचे. मंडळाचं खरं वजन माझ्या मते त्याच्या कर्जांत आहे. पाणीपुरवठा, रस्ते, मलनिस्सारण यांना ते पैसा देतं, म्हणून राज्यं चर्चेला बसतात. वेगवान प्रादेशिक रेल्वेसाठी २०१३ मध्ये वेगळं महामंडळ झालं, त्यात केंद्राचा वाटा ५० टक्के आणि दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान यांचा प्रत्येकी १२.५. दिल्ली-गाझियाबाद-मेरठ हा ८२ किलोमीटरचा मार्ग त्यातूनच आला आणि त्याचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. एक रेल्वेमार्ग, त्याचा खर्च, त्यातला प्रत्येकाचा वाटा. सहकार्य असं मोजता येण्याजोगं झालं की ते टिकतं, असं मला आजवर दिसलं आहे.

बाहेरची उदाहरणं हवी असतील तर दोन पुरेत. फिलाडेल्फियाभोवती पेनसिल्व्हेनियातल्या ५ आणि न्यू जर्सीतल्या ४ कौंटींचा एकच नियोजन आयोग १९६५ पासून आहे. युरोपीय संघाने २००६ मध्ये नियम करून वेगवेगळ्या देशांतल्या स्थानिक संस्थांना मिळून एक कायदेशीर संस्था काढण्याची वाट दिली. फ्रान्स-स्पेन सीमेवर पुइगसेर्दाचं रुग्णालय, जे दोन्ही देशांतल्या रुग्णांसाठी २०१४ मध्ये उघडलं, ते याच वाटेने चालतं. आपल्याकडे नगरपरिषदांना अशी वाट नाही. शेजारच्या राज्यातल्या संस्थेशी करार करू म्हटलं की फाइल दोन्ही राजधान्यांचा फेरा मारून येते, तोवर मुख्याधिकारी बदललेला असतो.

मग उरतं काय? उरतं कागद वाचणं, आणि आमच्या कामाचा मोठा भाग तोच आहे. सीमेवर पहिली अडचण मापाची येते. आपला सातबारा हेक्टर-आरमध्ये, कर्नाटकातला उतारा, ज्याला तिथे पहाणी म्हणतात, तो एकर-गुंठ्यांत. पहिल्या बैठकीत मी दोन्ही क्षेत्रफळं एका तक्त्यात मांडली आणि बेरीज जुळेना. पलीकडच्या एका वयस्कर ग्राम लेखाधिकाऱ्यांनी माझा कागद उलटला आणि पेनने मांडून दाखवलं: अडीच एकर म्हणजे १०० गुंठे, गुंठा म्हणजे एक आरहून जरासा जास्त, म्हणून १ हेक्टर १ आर आणि वर थोडं. ते कन्नडमध्ये बोलत होते, मी मराठीत, आणि ‘खराब’ हा शब्द आला तेव्हा आम्ही दोघंही थांबलो, कारण लागवडीला अयोग्य जमिनीसाठी तो दोन्हीकडे चालतो. पुढची दोन तासांची चर्चा त्या शब्दावरून सोपी झाली. कन्नड लिपी मी त्यानंतर शिकले. बोलता आलं नाही तरी चालेल, पण शेजारच्या नकाशावरची गावांची आणि ओढ्यांची नावं वाचता आलीच पाहिजेत.

पदनामांत तर हमखास फसगत होते. महाराष्ट्रात उपायुक्त म्हटलं की महापालिकेतला अधिकारी डोळ्यांसमोर येतो. कर्नाटकात डेप्युटी कमिशनर म्हणजे थेट जिल्हाधिकारी. माझं एक पत्र याच गोंधळात चुकीच्या टेबलावर पडून राहिलं आणि महिना गेला. आता कुठलंही पत्र लिहिण्याआधी मी समोरच्या कार्यालयात फोन करून पदनाम विचारून घेते.

नकाशे जोडताना प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत, तपासा. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएम या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रक्षेपणाचा ४३ वा पट्टा आणि पूर्वेला ४४ वा. सांगली-बेळगावकडे काम असेल तर दोन्ही बाजू ४३ मध्येच येतात, नागपूर-गोंदियाच्या सीमेवर ४४ लागतो. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकायला आठवडा-दोन आठवडे पुरतात. त्यात दोन्ही बाजूंच्या शीट कडेला कड लावून ठेवा आणि रस्ते पाहा. आमच्याकडचा २४ मीटरचा प्रस्तावित रस्ता पलीकडे १२ मीटरचा होता, आणि जोडणीच्या जागी तो बाजूला सरकलेला होता. रंगांच्या सूच्याही वेगळ्या, त्यामुळे दोन्हींतून तिसरी, सामाईक सूची करावी लागली. हे किचकट काम नवीन माणसाला मिळतं. मनापासून करा. सीमेवरची परिस्थिती त्यानंतर तुमच्याइतकी कुणालाच माहीत नसते.

पूररेषेचं प्रकरण याहून गंभीर. आपल्याकडे पाटबंधारे खातं निळी आणि लाल रेषा आखून देतं, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. माझ्या जोडनकाशावर निळी रेषा हद्दीच्या दगडापाशी तुटत होती. पुढच्या शीटवर ती नव्हती. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात गेलं, तेव्हा कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गाची चर्चा घराघरात होती. धरणाची पूर्ण संचय पातळी सध्या ५१९.६० मीटर आहे. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. नव्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा वाद अभ्यासा, पण दोन नगरपरिषदांच्या बैठकीत आणू नका. तिथे बसलेल्या कुणाच्याही हातात धरणाचे दरवाजे नसतात. सीमाप्रश्नाचंही तसंच. तो निघाला की लोक आपापल्या राज्याचे प्रतिनिधी होऊन बोलायला लागतात आणि जॅकवेल विसरली जाते. बैठकीचा विषय एक असू द्या: हा नाला, हा पूल, ही बस.

त्या जांभळ्या पट्ट्याचं काय झालं ते सांगते. आराखडा प्रारूप अवस्थेत होता. आपल्या कायद्यात प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांत हरकती-सूचना घेतल्या जातात, आणि कायद्याचा शब्द ‘कोणतीही व्यक्ती’ असा आहे. रहिवासी, मतदार किंवा महाराष्ट्राचा माणूस असायची अट नाही. मी वरिष्ठांना विचारलं, त्यांनी होकार दिला, आणि प्रसिद्धीची सूचना पलीकडच्या नगरपालिकेला रीतसर पाठवली गेली. बाविसाव्या दिवशी त्यांची हरकत आली, दीड पानाची, सोबत जॅकवेलचा नकाशा. नियोजन समितीपुढे सुनावणी झाली. त्यांचे पाणीपुरवठा अभियंता स्वतः आले होते. मी भरलेल्या रंगाविरुद्ध ते बोलत होते आणि माझ्या मनात एकच होतं, की यांचं म्हणणं बरोबर आहे. विभागाचा नदीकडचा भाग वगळला गेला, बाकीचा राज्यमार्गाकडे सरकला. पूर्ण हलला नाही, याची खंत मला आहे.

हरकतीची ही खिडकी मी आता प्रत्येक सीमावर्ती कामात आधी शोधते. तिला दिल्लीची परवानगी लागत नाही, करार लागत नाही. लागतं ते इतकंच की प्रारूप निघाल्याचं शेजाऱ्याला वेळेत कळावं. म्हणून संपर्क ठेवा, आणि प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी दोन्ही भाषांत लिहा. अधिकारी बदलतात, नवा माणूस येतो तेव्हा त्याला आधीचं सगळं त्या दोन पानांतच सापडतं. आपल्या आराखड्याची फेरतपासणी २० वर्षांत एकदा होते, शेजाऱ्याचं चक्र वेगळं. दोन्हींच्या तारखा एका कागदावर मांडून ठेवा.

या वाटेवर यायचं कसं, हे थोडक्यात. बी.प्लॅन असेल तर सरळ, नाहीतर स्थापत्य, भूगोल, अर्थशास्त्र, वास्तुकला यांतून एम.प्लॅनला येता येतं. गेट या प्रवेश परीक्षेत वास्तुकला आणि नियोजनाचा पेपर असतो. दिल्लीचं नियोजन व वास्तुकला विद्यालय, अहमदाबादचं सेप्ट, पुण्याचं सीओईपी इथे अभ्यासक्रम आहेत. सरकारी नोकरीसाठी एमपीएससीची नगररचनाकाराची परीक्षा. पण सीमेचं काम कुणी वेगळं पद काढून देत नाही. जिल्ह्याच्या कडेची फाइल कुणाला नको असते, ती मागून घ्या.

गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या शहराच्या नव्या आराखड्याचं काम सुरू झालं. त्याच पाणीपुरवठा अभियंत्यांचा फोन आला. म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडची निळी रेषा पाठवाल का? आमची शीट तुमच्या हद्दीला रिकामी दिसतेय.” मी त्याच संध्याकाळी पाठवली, सोबत आमच्या नाल्यांची पातळीही.