शिलाई मशीनवर नीट टीप कशी आणावी

मशीन घेताना त्यात किती डिझाइनचे टाके आहेत ते मोजत बसू नका. सरळ टीप, झिगझॅग आणि काजं एवढं चोख जमत असेल तर घरचं बहुतेक सगळं शिवून होतं. बघायला जाताना चिंध्या स्वतःच्या न्या: पातळ सुती, ताणला जाणारा होजिअरीचा आणि चार पदरी घडी घातलेला जीन्सचा तुकडा. दाखवायला ठेवलेल्या खळ दिलेल्या कापडावर कुठलंही मशीन सुंदरच टीप घालतं.

पातळ कापडाला 11 नंबरची सुई, रोजच्या सुतीला 14, जीन्सला 16. ताणणाऱ्या कापडाला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुई, नाहीतर टाके सुटणारच.

आता दोरा ओवणं. इथेच बहुतेकांचं बिघडतं, माझंही बिघडलं होतं. उशीचा अभ्रा शिवत होते. वरून टीप छान, उलटून पाहिलं तर खाली दोऱ्याची जाळी. गुंता खाली, म्हणजे दोष बॉबिनचा (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाचा), असं मला सांगितलं गेलं आणि मी अख्खी संध्याकाळ बॉबिन केसचा स्क्रू पिळत राहिले. गुंता तसाच राहिला आणि चांगली बसलेली बॉबिन केस मात्र बिघडली. हाच सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो ऐकू नका.

खाली फासे दिसले तर दोष वरच्या दोऱ्याचा असतो. सुई दोरा खाली नेते, शटल, म्हणजे खालचा फिरता हूक, त्याचा फास बॉबिनभोवती फिरवतं आणि मग दोरा ओवलेली, वरखाली होणारी वरची दांडी तो दोरा पुन्हा वर खेचून घेते. दोऱ्याला ताणच नसेल तर ती खेचणार कशी? जादाचा दोरा खालीच साठत जातो.

हा ताण देतात टेन्शनच्या दोन चकत्या. दाबाचा पाय वर असला की त्या सैल होतात, खाली आला की मिटतात. पाय खाली ठेवून दोरा ओवलात तर तो चकत्यांच्या मध्ये जातच नाही, वरच्यावर राहतो. म्हणून पाय वर, दांडी सगळ्यात वर, मगच दोरा ओवा. ओवून झाला की पाय खाली करा आणि सुईजवळचा दोरा हलकेच ओढा. तो अडला पाहिजे, सुई किंचित वाकल्यासारखी वाटली पाहिजे. पाय वर केला की तोच दोरा सहज सरकतो. दोन्ही वेळा सारखाच सरकला तर सगळा दोरा काढा आणि पहिल्यापासून ओवा. अर्धवट दुरुस्ती करू नका.

तरीही शंका असेल तर वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून चिंधीवर टीप मारा. लाल ठिपके खालच्या बाजूला दिसले तर वरचा ताण कमी आहे, पांढरे वर आले तर जास्त. टेन्शनचा आकडा अर्ध्या अर्ध्याने हलवा आणि दर वेळी नवी टीप मारून बघा. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पदरांमध्ये लपली की जमलं. बॉबिनचा स्क्रू अगदी शेवटी, तोही आधी त्याची जागा पेनाने खूण करून.

टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरा आणि पहिले दोन टाके हाताने चाक आपल्याकडे फिरवून घाला. कापड ओढू नका, ते पुढे न्यायला खाली दात आहेत. ओढलंत की सुई वाकते, पत्र्यावर आपटते आणि तुटते.

बॉबिनच्या घरातला कापसासारखा कचरा ब्रशने काढा, फुंकर मारू नका. ती कचरा आणखी आत ढकलते. तेल फक्त मशीनचंच आणि पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच, एकेक थेंब. घरातलं खायचं किंवा डोक्याचं तेल चालतं असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. ते चिकट होऊन सुकतं आणि चाक जड होतं. काही नव्या मशीनना तेल घालायचंच नसतं, म्हणून आधी पुस्तिका बघा. साधारण 8 तासांच्या शिलाईनंतर सुई बदला, तुटायची वाट पाहू नका. तेल घातल्यावर मात्र आधी चिंधीवर दोन-चार टिपा मारा आणि ती डाग न पडता बाहेर आली की मगच चांगलं कापड पायाखाली ठेवा.