‘नाइट वॉच’ घरी बसून पाहायचं तर आधी टेप काढा

डच चित्रकार रेम्ब्रांचं ‘नाइट वॉच’ (शहराचं बंदूकधारी पथक, पुढे कप्तान आणि लेफ्टनंट) आणि व्हर्मीरचं ‘मिल्कमेड’ (दूध ओतणारी बाई) फोनवर एकाच मापाची दिसतात, चार बोटं रुंद. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं मूळ ‘नाइट वॉच’ ३७९.५ सेंटिमीटर उंच आणि ४५३.५ सेंटिमीटर रुंद आहे, तर ‘मिल्कमेड’ ४५.५ बाय ४१. क्षेत्रफळात ९२ पट फरक. स्क्रीन रंगात थोडी फसवते, मापात मात्र साफ बुडवते. म्हणून घरबसल्या चित्रं पाहायची तर पहिलं हत्यार इंटरनेट नव्हे, सुताराचा टेप.

गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने चौकोन आखा: १२ फूट ५ इंच उंची, १४ फूट साडेदहा इंच रुंदी. नुसत्या नजरेने आखलात तर चौकोन हमखास तिरका होतो. कोपरा गवंड्यासारखा ३-४-५ ने साधा: एका बाजूवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येकी १९ फूट ५ इंचांच्या आसपास भरले की झालं. आता तळाच्या रेघेवर उभं राहून वरच्या रेघेपर्यंत नजर टाका. आपल्या नेहमीच्या फ्लॅटचं छत दहा फुटांच्या आसपास असतं, म्हणजे हे चित्र हॉलमध्ये उभंसुद्धा राहणार नाही. पुढच्या रांगेतली माणसं जवळजवळ आपल्याच उंचीची का वाटतात, तेही इथेच कळतं.

खडू हातात आहे तोवर आणखी एक चौकोन, बाहेरून. १७१५ मध्ये हे चित्र नगरभवनात हलवलं, तेव्हा नेमलेल्या भिंतीवर मावेना म्हणून चारही बाजूंनी कापलं. डावीकडून साधारण ६० सेंटिमीटर, वरून २२, खालून १२, उजवीकडून ७. तेवढी पट्टी वाढवून आखा. डावीकडची पट्टी दोन फुटांची आहे, म्हणजे माणूस आरामात मावतो. तिथली माणसं गेलीच. कापण्याआधी खेरीट लुंडेन्स या चित्रकाराने केलेली छोटी नक्कल शिल्लक आहे, म्हणून काय गेलं ते ठाऊक आहे. मूळ चित्रात कप्तान आणि लेफ्टनंट मध्यावर नव्हते, जरा उजवीकडे होते. आज ते मधोमध फोटोला उभे राहिल्यासारखे दिसतात, ही करामत कात्रीची. २०२१ मध्ये म्युझियमने संगणकाकडून या पट्ट्या पुन्हा तयार करून घेतल्या आणि काही काळ चित्राभोवती लावल्या. त्याचा फोटो मूळ चित्राशेजारी उघडा आणि कागदाच्या तुकड्याने डावी पट्टी झाका, उघडा, झाका. घोळका चालायला लागतो आणि थांबतो.

मग स्क्रीनकडे. लॅपटॉप घ्या, फोन नको. डोळ्यांच्या आरामासाठी स्क्रीन पिवळट करणारी सोय बंद करा; ती चालू असेल तर कप्तानाच्या गळ्याची पांढरी झालर साबुदाण्याच्या पापडासारखी दिसते. ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होत असेल तर तेही बंद. ट्यूबलाइट मागून येत असेल तर खुर्ची फिरवा, कारण या चित्राचा अर्धा भाग काळा-तपकिरी आहे आणि त्यात तुमचाच चेहरा दिसत राहतो. जुनं छापील चित्र आणि स्क्रीन यांचे रंग जुळले नाहीत तर गोंधळू नका. चित्रावर व्हार्निशचा थर असतो, तो वर्षानुवर्षांनी पिवळा पडतो. नोव्हेंबर २०२४ पासून म्युझियममध्ये काचेच्या खोलीत, लोकांसमोरच, १९७५-७६ च्या डागडुजीतलं व्हार्निश काढायचं काम सुरू झालं. त्यामुळे फोटो कोणत्या वर्षाचा आहे यावर रंग ठरतो.

पहिली १५ मिनिटं झूम करायचं नाही. माहितीही वाचायची नाही. पुढचा काळ्या कपड्यातला, लाल पट्ट्याचा माणूस म्हणजे कप्तान फ्रान्स बानिंक कॉक. शेजारी पिवळ्या कोटातला लेफ्टनंट. एवढं पुरे. कप्तानाचा पुढे आलेला हात शोधा, मग त्या हाताची सावली शोधा. ती लेफ्टनंटच्या पिवळ्या कोटावर, पोटाच्या खालच्या बाजूला पडली आहे. हातापासून सावलीपर्यंत बोटाने रेघ ओढा आणि तशीच मागे वर न्या: उजेड डावीकडून, वरून येतोय. रात्रीचा पहारा कुठला, हा दिवसाउजेडीचा प्रकार आहे! ‘नाइट वॉच’ हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस पडलं, चित्र काळवंडल्यावर. रेम्ब्रांने ते १६४२ मध्ये पुरं केलं.

आता बंदुका. तिघे जण एकाच कामाच्या तीन पायऱ्या करताहेत: डावीकडे लाल कपड्यातला बंदूक भरतोय, कप्तान आणि लेफ्टनंटच्या मागे एक जण झाडतोय (धूर दिसेल), आणि त्याच्या उजवीकडचा उरलेली दारू फुंकतोय. मधली गोळी झाडणारा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो, कारण त्याचं तोंड दिसत नाही. आणि ती उजळलेली मुलगी: कमरेला उलटी कोंबडी लटकवलेली. कोंबडी का, तर तिच्या नख्या ही या बंदूकधारी पथकाची खूण. पथकाची निशाणी झेंड्यावर सगळेच काढतात, रेम्ब्रांने मेलेल्या कोंबडीवर दाखवली. मुलीवर पडलेला उजेड सावलीच्या हिशेबात बसत नाही, हेही पाहून ठेवा. त्याने तो मुद्दाम वाढवला आहे, आणि चित्रातली ही सर्वांत धीट गोष्ट असं आमचं मत.

आता झूम. म्युझियमच्या संकेतस्थळावर जानेवारी २०२२ पासून ७१७ गिगापिक्सेलची (म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांची) प्रतिमा सर्वांना खुली आहे. ८,४३९ फोटो जोडून केलेली. तिचा एक पिक्सेल म्हणजे कॅनव्हासवरचे ५ मायक्रोमीटर (मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले पाच). हिशेब करा: १,९२० पिक्सेल रुंद स्क्रीनवर पूर्ण झूम केलं की कॅनव्हासचा फक्त ९.६ मिलिमीटर तुकडा दिसतो. पूर्ण रुंदी पाहायला अशा साधारण ४७२ स्क्रीन एकापुढे एक लागतील. म्हणूनच पूर्ण झूमवर भटकलात की दोन मिनिटांत वाट चुकता आणि तपकिरी भेगांशिवाय काही दिसत नाही. मधल्या झूमवर थांबा. डेटाची भीती नको. दिसणाऱ्या भागाचेच तुकडे उतरतात. नेट मंद असेल तर तुकडा धूसर येतो आणि मग निवळतो, तेवढं थांबा. धूसर तुकड्यावरून मत बनवलं की फसलात.

जागा दोनच. लेफ्टनंटच्या कोटाची सोनेरी किनार: इथे रंग इतका जाड थापलाय की त्यालाच उठाव आलाय, आणि बारीक नक्षी म्हणून जे लांबून वाटत होतं ते जवळून नुसते फटकारे निघतात. दुसरा, उजवीकडे खाली भुंकणारा कुत्रा. तो इतका उरकून काढलाय की खालचा थर डोकावतो. एकाच चित्रात ही दोन टोकं पाहिली की कुठे हात थांबवायचा हे रेम्ब्रांला कसं ठाऊक होतं ते कळतं.

दुसऱ्या दिवशी ‘मिल्कमेड’. हे मात्र घरातच खऱ्या मापात दिसतं. राइक्सम्युझियम जुन्या चित्रांच्या मोठ्या फाइली फुकट उतरवू देतं. ती ४३ इंची टीव्हीवर लावा (उंची सुमारे ५३ सेंटिमीटर), टेप लावून चित्र ४५.५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत लहान-मोठं करा. ३२ इंची टीव्हीवर ते मावत नाही. टीव्ही भडक रंगांच्या मोडवर असेल तर सिनेमाच्या मोडवर आणा, नाहीतर निळा एप्रन डोळ्यांत खुपतो. तो निळा लॅपिस लाझुलीचा आहे, अफगाणिस्तानातल्या खाणींमधला दगड कुटून केलेला महागडा रंग. दोन-अडीच फुटांवर बसा. भिंतीतला खिळा आणि त्याची सावली, रिकाम्या खिळ्यांची भोकं, पावावरचे उजेडाचे ठिपके, खाली उजवीकडे पाय शेकायची पेटी आणि तिच्यामागे तळाशी टाइलवरचा छोटा क्युपिड, म्हणजे प्रेमाचा देव. उजव्या हाताच्या वर भिंतीत टाचणीचं भोक सापडलंय: व्हर्मीर तिथे टाचणी खोचून खडू लावलेल्या दोऱ्याने रेघा मारून घ्यायचा. आपल्याकडे सुतार लाकडावर सूत मारतो, तसंच.

एक संध्याकाळ उरली तर रेम्ब्रांने मुघल लघुचित्रांवरून केलेली रेखाटनं काढा. साधारण १६५६ ते १६६१ च्या दरम्यान, आशियाई कागदावर केलेली. वीसेक शिल्लक आहेत. शाहजहान आणि दारा शिकोहचं रेखाटन लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमकडे आहे, तेही मोफत उतरवता येतं. ते उघडण्याआधी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन एखादं खरं लघुचित्र पाहून या, शक्यतो नाक काचेला लागेपर्यंत. मग रेखाटनात काय गेलं ते शोधा: सोनं गेलं, रंग गेले, फुलांची किनार गेली. आणि काय आलं तेही: लघुचित्रात माणसं बहुधा सावलीशिवाय, जमिनीवर न टेकल्यासारखी उभी असतात, रेम्ब्रांने पायाखाली दोन फटकारे सावलीचे दिले आहेत का, ते पाहा.