एकत्र प्रार्थनेचा नेम का मोडतो? या चुका टाळा

आमच्या ख्रिस्ती मंडळीने एकदा उत्साहाच्या भरात सगळं एकदम सुरू केलं: पहाटेची प्रार्थना, आठवड्याचा उपास, महिन्याभरात बायबलमधला अख्खा नवा करार वाचून काढणं. तिसऱ्या आठवड्यात पहाटेला दोघंच उरले. पुढे कोणी विषयही काढला नाही, आणि तेच जास्त लागलं.

गळती लागली की आपण म्हणतो, लोकांचा विश्वास कमी पडला. बहुतेक वेळा नेमच चुकीच्या मापाने बेतलेला असतो: सर्वांत आवेशी माणसाच्या मापाने. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. ज्यांचं आयुष्यच प्रार्थनेला वाहिलेलं, त्यांनाही त्याने सांगितलं की एकत्र जमल्यावरची मनातली प्रार्थना थोडक्यात आटपावी. रात्रीच्या उपासनेतलं सुरुवातीचं स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणायचं, का? उशिरा येणाऱ्याला पोहोचता यावं म्हणून. मला यात फार मोठी माया दिसते. तेव्हा एकच गोष्ट निवडा, पंधरा मिनिटांची, आणि ती निवडताना बाळंतीण, पाळीवर जाणारा, गुडघे दुखणारे आजोबा यांना आधी विचारा.

दुसरी चूक हल्ली सर्रास होते. सगळे आपापल्या घरी तोच अध्याय वाचतात आणि व्हॉट्सॲपवर ‘आमेन’ टाकतात. वाचन चांगलंच, पण ते एकत्र झालं नाही. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ 2:42 मध्ये शिक्षण, भाकर मोडणं आणि प्रार्थना यांच्या जोडीला सहवास वेगळा सांगितला आहे.

एकत्र वचन-मननाचं, म्हणजे बायबलचा उतारा वाचून त्यावर मनन करण्याचं, घोडं बहुधा शांततेपाशी अडतं. वाचन संपतं, कोणीतरी घसा खाकरतो, पानं चाळल्याचा आवाज येतो आणि चालवणारा घाबरून गीत सुरू करतो. वीस सेकंदही झालेली नसतात! त्याने समोर घड्याळ ठेवावं आणि पूर्ण दोन मिनिटं थांबावं. आठ-दहा वचनांचा एकच उतारा तीनदा, वेगवेगळ्या आवाजांत वाचा. मग ज्याला वाटेल त्याने मनात राहिलेला एखादा शब्द सांगावा. त्यावर कोणी भाष्य करायचं नाही, पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनीसुद्धा नाही. इथे छोटा उपदेश सुरू झाला की पुढच्या वेळी लाजरी माणसं तोंड उघडत नाहीत.

उपासाची हजेरी घेऊ नका. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायात प्रभू येशूने उपास लोकांना दिसू नये असंच सांगितलं आहे. मधुमेही, गरोदर किंवा औषधं घेणाऱ्यांवर तर अन्नाच्या उपासाचा आग्रह नकोच.

आणि एक चूक मी कधीच हलकी मानणार नाही. नव्या करारातलं याकोबाचं पत्र (5:16) एकमेकांजवळ पाप कबूल करायला सांगतं. तिथे विश्वासाने सांगितलेली गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून चारचौघांत आली, तर तो माणूस पुन्हा मन मोकळं करत नाही. कधीकधी मंडळीच सोडतो. सांगणाऱ्याची परवानगी असल्याशिवाय नाव नाही, आडून उल्लेखही नाही.

मोडलेला नेम पुन्हा धरताना गैरहजर राहिलेल्यांना बोल लावू नका. आम्ही बुधवारी एक स्तोत्र, थोडी शांतता आणि प्रभूची प्रार्थना एवढ्यावर आलो. पहिलं स्तोत्र सावकाश म्हणतो. ते संपेपर्यंत दार आणखी दोन-तीनदा उघडतं.