मानेतली नस दबली आहे की मज्जारज्जू?

मानेची गादी सरकली किंवा हाड वाढलं की हाताकडे जाणारी नस दबते. कधी तिच्याबरोबर मधला मज्जारज्जूही, म्हणजे मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली जाणारा नसांचा मुख्य दोरही, दबतो. नस ठणकते, त्यामुळे सगळे तिच्याबद्दलच बोलतात. मज्जारज्जू बहुधा दुखतच नाही, आणि उशीर होतो तो इथेच.

नसेची कळ सहसा एकाच हातात उतरते. अंगठा बधिर झाला तर बहुधा सहावी नस, मधलं बोट असेल तर सातवी. नुसती नस दबली असेल तर बहुतेकांना औषधं आणि व्यायामाने 6 ते 12 आठवड्यांत आराम पडतो.

मज्जारज्जूचं तसं नाही. शर्टाचं बटण लागत नाही, अक्षर बिघडतं, चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, अंधारात तोल जातो, लघवी थोपवता येत नाही. मान खाली घातली की पाठीतून करंट जातो. घड्याळ लावून 10 सेकंदांत मूठ उघडा-मिटा. बोटं पूर्ण ताठ, मग मूठ गच्च. अर्धवट उघडलेली मोजू नका. 20 पेक्षा कमी भरल्या तर मणक्याच्या सर्जनला लवकर दाखवा. 20 भरल्या पण वरची लक्षणं आहेत, तरीही दाखवा.

एक्स-रेमध्ये मज्जारज्जू दिसत नाही, एमआरआय लागतो. ‘शुगरमुळे मुंग्या येतात’ म्हणून तो टाळू नका. बी-12 जीवनसत्त्व मात्र सोबत तपासून घ्या, ते कमी असलं तरी मुंग्या येतात.

तोवर मान मोडून घेणं, मालिशवाल्याचा झटका, ट्रॅक्शन (वजन लावून मान ताणणं) पूर्ण बंद. डोक्यावर ओझं नको, खड्ड्यांतून दुचाकी नको. नसेच्या दुखण्यावरच्या प्रीगाबालिनसारख्या गोळ्यांनी गरगरतं, म्हणून रात्री उठताना आधी दिवा लावा. पडल्याने दबलेल्या मज्जारज्जूला मोठी इजा होऊ शकते.

मज्जारज्जू दबला असेल तर डॉक्टर हात, पाय आणि लघवीचे मिळून 18 पैकी गुण देतात; गुण जितके कमी तितका बिघाड जास्त. 14 किंवा कमी असतील तर ऑपरेशनचाच सल्ला असतो. 15 ते 17 असतील तर ऑपरेशन किंवा देखरेखीखाली व्यायाम. ऑपरेशनचा पहिला हेतू बिघाड थांबवणं हा आहे. गेलेली ताकद बरीच परत येऊ शकते, पण सगळी येईलच असं नाही. म्हणून महिनोन्‌महिने थांबू नका. ऑपरेशनमध्ये मणके जोडायचे असतील तर सिगारेट आधीच सोडा, नाहीतर हाड नीट जुळत नाही.

पाय अचानक लुळे पडले, लघवी तुंबली किंवा पडल्यावर हातातली ताकद गेली, तर ओपीडीची वाट न पाहता मान न हलवता त्याच तासाला इमर्जन्सीत न्या.